तीनचाकी शिकताना : तोल, वळण आणि डॉक्टरांची सही

वयाची चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वाहन चालविण्याचा परवाना काढावयाचा असेल, तर अर्जासोबत नमुना ‘१-अ’ हे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यावर नोंदणीकृत डॉक्टरांची सही लागते. मावळात दवाखाना चालविणाऱ्या माझ्यासारख्या सामान्य डॉक्टरकडे असे कागद महिन्यातून दोन-चार तरी येतात. खरे सांगावयाचे तर अनेक वर्षे मी ते रक्तदाब पाहून, समोरच्या भिंतीवरील कॅलेंडर वाचावयास लावून पाच मिनिटांत हातावेगळे करीत असे. ही सवय मोडली ती औंढे गावातील एका शेतकऱ्यामुळे. त्यांना आपण नाना म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नानांचे वय बासष्ट. दीड वर्षाचे असताना तापाचे निमित्त झाले आणि पोलिओने त्यांचा डावा पाय कायमचा लुळा केला. काठीच्या आधाराने त्यांनी भाताची खाचरे सांभाळली, दोन मुलांचे संसार उभे केले. थोरल्या मुलाने त्यांच्यासाठी मागे जोडचाके बसविलेली स्कूटर आणली होती आणि शिकाऊ परवान्यासाठी माझी सही हवी होती. मी पेन उचलले, तेवढ्यात नाना म्हणाले, “डॉक्टर, सही तुम्ही द्याल हो. पण मला ही चालवता येईल का, ते सांगा. मी जन्मात सायकलवरसुद्धा बसलेलो नाही.”

या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. पस्तीस वर्षे मी दुचाकी चालवीत आलो आहे. पण तीन चाकांवर कधी बसलो नव्हतो. मी पेन खाली ठेवले. आधी शिकाऊ परवान्याच्या अर्जापुरती त्यांची नीट तपासणी केली आणि परवाना हाती आल्यावर एका रविवारी सकाळी शाळेच्या मोकळ्या पटांगणावर भेटावयाचे ठरविले. त्या सकाळी आणि पुढील पाच आठवड्यांत आम्ही दोघे जे शिकलो, ते आपल्यासमोर ठेवावे असे वाटले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न उभा असेल : बाबांचे गुडघे आता दुचाकीचे वजन पेलत नाहीत, आईला चालताना तोल जातो, मग तीनचाकी घेऊन द्यावी का?

गरज कोणाची?

भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. रोग गेला; पण त्याने गाठलेली मुले आज चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान आहेत. त्यांच्यापैकी काहींना मूळ आजारानंतर १५ ते ४० वर्षांनी नवीच दुर्बलता जाणवू लागते. इतकी वर्षे ‘चांगला’ म्हणून दुप्पट ओझे वाहणारा पाय दमतो, काठी धरणारा खांदा दुखतो, थोड्या श्रमाने गळून गेल्यासारखे होते. अशा वेळी “व्यायाम वाढवा, चालत जा” हा सल्ला उलट अपाय करू शकतो. शक्ती जपून वापरणे हाच येथे मोठा उपचार असतो. औंढ्याहून लोणावळ्याच्या बाजारापर्यंत काठी टेकीत जाण्यात नानांची सारी सकाळ खर्ची पडे आणि दुसरा दिवस अंथरुणावर जाई. तीनचाकी ही त्यांच्यासाठी चैनीची वस्तू नव्हती.

पोलिओखेरीज गुडघ्यांची झीज, कंबरेच्या मणक्यांचा त्रास, अपघातात गमावलेला पाय, मधुमेहाने बधिर झालेली पावले अशा अनेक कारणांनी माणसे या वाहनाकडे वळतात. कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून तपासणीही प्रत्येकाची वेगळी हवी.

तीन चाके, तीन तऱ्हा

सर्वप्रथम गाडी ओळखावी. आपल्याकडे सर्वाधिक दिसते ती जोडचाकांची स्कूटर. लोक तिला तीनचाकी म्हणतात; पण मोजली तर चाके चार भरतात, कारण मूळ मागचे चाक तसेच राहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक येते. दुसरी तऱ्हा खऱ्या तीनचाकीची : पुढे एक, मागे दोन, आपल्या रिक्षासारखी. तिसरी तऱ्हा साइडकारची, जिच्यात एकाच बाजूला, आपल्या देशात डावीकडे, एक चाक आणि बसावयाची जागा असते.

प्रत्येकीचा स्वभाव निराळा. साइडकारची गाडी वेग वाढविताना डावीकडे ओढ घेते आणि ब्रेक दाबल्यावर उजवीकडे. डाव्या वळणावर तिची साइडकार उचलली जाऊ शकते. पुढे एक चाक असलेली गाडी सरळ जाताना स्थिर असते. पण वळणात ब्रेक दाबला की सारे वजन पुढच्या एकट्या चाकावर येते आणि ती बाहेरच्या कोपऱ्याकडे कलंडू पाहते. जोडचाकांच्या स्कूटरची खोड आणखी वेगळी. दोन्ही जोडचाके उंचवट्यावर आणि मधले चाक खोलगट भागावर आले, तर मधले चाक अधांतरी फिरत राहते. गाडी पुढे जात नाही आणि मागचा ब्रेकही लागत नाही, कारण बहुतेक जोडचाकांना स्वतःचा ब्रेक नसतो.

तीन चाके म्हणजे काही कमीपणाची गाडी, असा संकोच काहींच्या मनात असतो. त्यांना मी सांगतो, कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये ज्या मोटारीचे पेटंट घेतले, ती तीनचाकीच होती. चार चाकांची वळण्याची रचना त्यांच्या मनासारखी साधत नव्हती, म्हणून त्यांनी पुढे एकच चाक ठेवले. वळणाचा प्रश्न तेव्हाही अवघड होता. आजही शिकणाऱ्याची खरी कसोटी तेथेच लागते.

दुचाकी येते, हीच अडचण

पटांगणावर पहिल्यांदा मी बसलो. पस्तीस वर्षांचा अनुभव गाठीशी, त्यामुळे मनात शंका नव्हती. थोडा वेग घेतला, डावीकडे वळावे म्हणून नेहमीप्रमाणे अंग कलते केले आणि गाडी उजवीकडे, थेट कुंपणाच्या दिशेने निघाली. ब्रेक दाबला म्हणून निभावले. नाना काठीवर हनुवटी टेकून हे सारे पाहत होते. ते हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दुचाकी वेगात असताना ती कलून वळते. डावीकडे जावयाचे असेल तर आपण नकळत डावी मूठ किंचित पुढे रेटतो; त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि वळते. हे आपल्या हातांना ठाऊक असते, डोक्याला नसते. तीनचाकी कलत नाही. तिच्यावर डावी मूठ पुढे रेटली की पुढचे चाक उजवीकडे वळते आणि गाडी तिकडेच जाते. जिकडे जावयाचे तिकडेच हँडल वळवावयाचे, हा तिचा साधा नियम आहे. ज्याने कधी दुचाकी चालविली नाही त्याला तो चटकन समजतो. जुन्या चालकाच्या हातांना मात्र आधीची सवय विसरावी लागते, आणि घाबरलेल्या क्षणी हात जुन्या सवयीकडेच धावतात.

दुसरी जुनी सवय पायाची. दुचाकी थांबली की आपण पाय टेकतो. तीनचाकीवर चालत्या गाडीतून पाय खाली सोडला, तर मागचे चाक त्यावर येऊ शकते. घोटा मोडण्याचा तो अगदी सरळ मार्ग आहे. पाय फळीवरच राहिले पाहिजेत, गाडी पूर्ण थांबेपर्यंत आणि थांबल्यावरही.

तिसरी सवय खड्डे चुकविण्याची. दुचाकीची वाट एकच असते. तीनचाकीच्या तीन वाटा असतात. पुढच्या चाकाने चुकविलेला खड्डा मागच्या एखाद्या चाकाला हमखास सापडतो. म्हणून खड्ड्याभोवती नागमोडी जाण्यापेक्षा वेग कमी करून तो सावकाश ओलांडणे बरे.

तात्पर्य, तिसरे चाक थांबलेल्या गाडीला पडू देत नाही, हे खरे. चालत्या गाडीला उलटण्यापासून वाचविण्याचे काम मात्र चालकाकडेच राहते. घरच्यांनी “आता काय, पडायची भीतीच नाही” असे म्हणून निर्धास्त होऊ नये.

पटांगणावरचे चार टप्पे

नाना ज्या क्रमाने शिकले, तोच क्रम येथे देतो. प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतील याचे वेळापत्रक करू नये. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरेत; दमलेला माणूस शिकत नाही. ज्यांचे स्नायू दुर्बल आहेत त्यांनी मध्ये एक दिवस विसावा घ्यावा.

पहिला टप्पा बंद गाडीवर. चढणे, उतरणे, काठी किंवा कुबडी कोठे अडकवावयाची ते ठरविणे, आरसे लावून घेणे, दोन्ही ब्रेक डोळे मिटून सापडतात का ते पाहणे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक किंवा एबीएस सक्तीचे आहे. संयुक्त ब्रेक असेल तर एक मूठ दाबली तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो; एका हातात जोर कमी असणाऱ्यांना याचा मोठा उपयोग होतो. विनागिअरची, सर्व नियंत्रणे हातात असलेली गाडी आपल्या रुग्णांना सोयीची पडते.

दुसरा टप्पा सरळ जाणे आणि थांबणे. चालण्याच्या वेगाने वीस पावले जावे, थांबावे. जमिनीवर चुन्याची रेघ मारून पुढचे चाक नेमके रेघेवर थांबवावे. हे कंटाळवाणे वाटते. पण नानांनी पहिला आठवडा एवढेच केले. पिळावयाची मूठ अलगद सोडणे आणि ब्रेक हळूहळू दाबणे यांची संगती हाताला येथेच लागते. घाबरून मूठ आवळली जाते आणि मूठ आवळली की गाडी आणखी पळते, ही नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक आहे. बोटे सैल, कोपरे किंचित वाकलेली हवीत.

तिसरा टप्पा वळणाचा. वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करावा. नंतर दोन्ही हातांनी, एकाने ओढीत व दुसऱ्याने रेटीत, हँडल फिरवावे. वळताना शरीर बाहेर फेकले जाते, म्हणून शरीराचा भार आधीच आतल्या बाजूच्या नितंबावर घ्यावा आणि खांदा किंचित आत झुकवावा. वळणात ब्रेक नको. हलका, एकसारखा वेग ठेवावा. येथे एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच वळणावर वेग ताशी १० वरून २० किलोमीटर केला, तर बाहेर फेकणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आतले चाक हलके झाल्यासारखे वाटले की वेग जास्त झाला असे समजावे. आणखी एक गोष्ट : मागची चाके पुढच्या चाकाच्या आतून जातात. रिकामे डबे मांडून त्यांच्यामधून वळावे, म्हणजे मागचे चाक कोणत्या डब्याला लागते ते कळते. पुढे त्या डब्याच्या जागी ओट्याची कड किंवा कोणाचा पाय असणार आहे.

चौथा टप्पा रस्त्याचा, तोही आडवेळी, गावातल्या गावात. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात. डाव्या बाजूने जाताना गाडी सतत डावीकडे ओढते, आणि ती सरळ ठेवण्यासाठी डाव्या हाताने हँडल किंचित पुढे रेटून धरावे लागते. दुचाकीस्वाराला याची कल्पना नसते. तीनचाकीवाल्याचा खांदा मात्र अर्ध्या तासात बोलू लागतो. पहिल्या महिन्यात सलग प्रवास थोडाच ठेवावा.

आमच्या भागाचे आणखी काही नियम आम्ही ठरविले. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तेव्हा भर पावसात आणि धुक्यात गाडी काढावयाची नाही. पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलकेच दाबून कोरडे करून घ्यावयाचे. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी लोटते. त्या दिवशी बाजार नाही. द्रुतगती महामार्ग औंढ्याच्या शेजारून जातो. पण त्यावर दुचाकी आणि तीनचाकी दोहोंना मनाई आहे. खंडाळ्याच्या घाटाकडे वळावयाचेच नाही. गाडी उभी करताना तोंड निघण्याच्या दिशेने ठेवावे, कारण बहुतेक जोडचाकांच्या स्कूटरना मागे जाण्याची सोय नसते. उतारावर हातब्रेक लावावा; तो नसेल तर चाकाखाली दगड ठेवावा.

सहीपूर्वी काय पाहावे?

आता मी कॅलेंडर वाचावयास लावून थांबत नाही. आपणही डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी या गोष्टी घरी पाहू शकता.

दृष्टी : दिवसाउजेडी, चष्मा लावून, पंचवीस मीटरवरील गाडीची नंबरपाटी वाचता यावी. मोतीबिंदू असेल तर आधी शस्त्रक्रिया, मग गाडी. समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर सायंकाळनंतर गाडी नको.

मान आणि खांदे : मान दोन्ही बाजूंना वळवून खांद्यामागचे दिसते का? दिसत नसेल तर मोठे आरसे लावावेत. तरीही न जमल्यास गर्दीच्या रस्त्याचा मोह सोडावा. हात खांद्याच्या उंचीवर पुढे धरून अर्धा मिनिट टिकतात का, तेही पाहावे.

पावले : दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पावलांना स्पर्श आणि उष्णता कळेनाशी होते. असा पाय तापलेल्या सायलेन्सरला टेकला तरी समजत नाही. घरी आल्यावर फोड दिसतो आणि तो भरून येण्यास महिने लागतात. पूर्ण झाकणारे पादत्राण घालावे आणि उतरल्यावर पाय पाहावेत.

साखर : इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर मोजावी. ७० मिलिग्रॅमच्या खाली ती धोक्याची असतेच. ९० च्या आसपास असेल तरी काही खाऊन, थोडे थांबून निघावे. खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे असावीत.

औषधे : सर्दी-खाजेच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, काही खोकल्याची औषधे, झोपेची गोळी यांनी सुस्ती येते, ती दुसऱ्या सकाळपर्यंतही टिकते. प्रोस्टेटच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उभे राहताच अंधारी येते. नवे औषध सुरू झाले की पहिले काही दिवस गाडी बंद ठेवावी.

फिट, अचानक शुद्ध हरपणे, वारंवार चक्कर : यांपैकी काहीही असेल तर प्रमाणपत्राच्या कागदावर ते लपवू नये. विसरभोळेपणा वाढला असेल, ओळखीच्या वाटेवर चुकल्यासारखे होत असेल, तर तेही सांगावे.

ज्यांना मी सही दिली नाही

नानांना परवाना मिळाला, ही बातमी गावात पसरली. काही महिन्यांनी एक निवृत्त गृहस्थ सूनबाईंसह दवाखान्यात आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय छान सुधारले होते. मूठ घट्ट, चाल बरी, रक्तदाब आटोक्यात. त्यांनी आयुष्यभर स्कूटर चालविली होती. “आता तीन चाकांची घेतो, म्हणजे तुमचीही काळजी मिटली,” असे म्हणत त्यांनी कागद पुढे केला. मीही जवळजवळ सही केलीच होती.

मी सूनबाईंना सहज विचारले, “घरी काही वेगळे जाणवते का?” त्या संकोचल्या. मग म्हणाल्या, “तसं काही नाही, डॉक्टर. फक्त जेवताना ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. मी विचारलं की म्हणतात, वाढलीच नव्हतीस. ताट फिरवून ठेवलं की खातात.”

मी त्यांना माझ्या नाकाकडे पाहत राहण्यास सांगून दोन्ही बाजूंना बोटे हलविली. उजवीकडची बोटे त्यांना लगेच दिसली. डावीकडची, अगदी समोर येईपर्यंत दिसली नाहीत. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी करून तेच सांगितले. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यानंतर डावीकडचे अर्धे जग काही रुग्णांच्या नजरेतून निसटते, आणि ते निसटले आहे हे त्यांना स्वतःला कळत नाही. डोळे शाबूत, चष्म्याचा नंबरही तोच. म्हणून साध्या तक्त्यावर हा दोष सापडत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेने चालणारी शाळेची मुले या गृहस्थांना दिसली नसती. आणि तीनचाकीची डावी बाजू दुचाकीपेक्षा कितीतरी बाहेर आलेली असते.

मी सही दिली नाही. ते फार दुखावले. “त्या आजाराने माझे पाय घेतले नाहीत, ते तुम्ही घेतलेत,” असे म्हणून ते उठून गेले. चार महिने ते आले नाहीत. औषधे मात्र सूनबाई नेत असत, एवढेच समाधान. आता ते येतात. नातू त्यांना मागे बसवून आणतो. पूर्वीइतके मोकळे ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला ते समजते. स्वतः बाजारात जाण्याचे स्वातंत्र्य हिरावले जाणे म्हणजे काय, हे मी नानांच्या चेहऱ्यावर उलट बाजूने पाहिले होते.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, ती एक गोष्ट माझ्या तपासणीत सापडली नव्हती; ती घरातल्या माणसाला माहीत होती. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती दाराच्या एकाच बाजूला वारंवार धडकते का, वर्तमानपत्राच्या ओळी अर्ध्यातून वाचते का, जिन्यावर एकच बाजू चुकते का, हे आपणच पाहू शकता. काही हलक्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या विजेच्या गाड्यांना परवानाही लागत नाही. तेथे तर डॉक्टरांची सही मध्ये येतच नाही. अशा वेळी हे पाहण्याची सारी जबाबदारी घरच्यांची.

कागदपत्रांविषयी थोडे

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये अशा गाड्यांना पूर्वी ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असे मन दुखावणारे नाव होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ‘अनुकूलित वाहन’ अशा अर्थाचा शब्द आला आणि साध्या गाडीत योग्य तो बदल करून घेतलेली गाडीही त्यात धरली जाऊ लागली. मात्र हे वाहन शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरावयाचे असते. केवळ वय झाले म्हणून कोणी त्यात बसत नाही. म्हणून गाडी घेण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. मावळासाठी ते पिंपरी-चिंचवडचे कार्यालय. जोडचाके बसविल्यावर नोंदणीपुस्तकात बदलाची नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीसही कळवावे, अन्यथा अपघातानंतर वाद उभा राहतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. तीस दिवस झाले म्हणजे तयारी झाली, असे मात्र मानू नये. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते. ती कटकट न समजता तपासणीची संधी समजावी. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट तीन चाकांवरही तितकेच आवश्यक आहे.

शिकविणाऱ्याने हे पाळावे

लहान मुलाला सायकल शिकविताना आपण मागून कॅरिअर धरून धावतो. येथे तसे करू नये. धावणाऱ्याचा पाय जोडचाकाखाली येतो. शिकणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, बाजूला उभे राहावे. समोर कधीही नको. एका वेळी एकच माणूस बोलेल आणि शब्दही ठरलेले असतील : ‘सोडा’, ‘दाबा’, ‘थांबा’. नानांचा मुलगा प्रारंभी दुरून ओरडत असे, “अहो आबा, डावीकडे, डावीकडे!” आणि नाना त्याच्याकडे पाहावयास मान वळवीत, गाडीही तिकडेच वळे. जिकडे नजर तिकडे हँडल, हे त्या दिवशी आम्हा सर्वांना समजले. पुढे मुलगा गप्प बसून चहाचा थर्मास सांभाळू लागला आणि शिकणे सुधारले.

ज्येष्ठांना शिकविताना आपला आवाज नकळत चढतो. ज्यांनी आपल्याला चालावयास शिकविले त्यांच्यावर तो चढवू नये. आणि त्यांना जमत नसेल, किंवा तपासणीत काही निघाले, तर “नाही” म्हणताना पर्यायही बरोबर असावा : ठरलेल्या दिवशी रिक्षा, आठवड्यातून एकदा नातवाबरोबर बाजार, मित्रांकडे नेऊन सोडणारे कोणीतरी. नुसती मनाई माणसाला घरात कोंडते, आणि घरात कोंडलेल्या म्हातारपणाचे आजार मी रोज पाहतो.

गेल्या आठवड्यात नाना रक्तदाब तपासावयास आले. गाडी दवाखान्याबाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभी होती आणि मागच्या चाकाखाली दगड होता. खांदेदुखी कमी आहे म्हणाले. मी विचारले, किती वेगाने चालवता? “बैलगाडीपेक्षा जास्त, तुमच्यापेक्षा कमी,” असे म्हणून त्यांनी काठी गाडीला अडकवली आणि पुढच्या महिन्याची तारीख विचारून घेतली.